चंद्री म्हैस रेडिओवर

चंडीगडच्या शिवालिक रेडिओ केंद्रानं एफएमला पंचवीस वर्षं झाल्यावर एक गुळगुळीत पुस्तिका काढली. तीत लिहिलंय की केंद्राच्या एफएम वाहिनीवरून पहिला आवाज गेला तो सनईचा, आणि तिच्यामागून मंत्र्यांच्या भाषणाचा. लिहिणाऱ्याचा दोष नाही, त्याला जेवढं सांगितलं तेवढं त्यानं लिहिलं. खरा पहिला आवाज गेला तो दर्यापूर तालुक्यातल्या एका म्हातारीचा, आणि तिच्यामागून तिच्या म्हशीचा. मंत्री लय मागून आले.

म्हातारीचा लेक गजानन इंगळे. अंगानं काडी, पण आवाज असा की एका वावरातून हाक मारली तर चौथ्या वावरातल्या बैलानं मान वर करावी. आयटीआय करून तो रेडिओत टेक्निशियन म्हणून लागला, काही दिवस नागपूरकडे काढले, आणि एक्क्याण्णव साली चंडीगडची ऑर्डर हातात पडली. गावात बातमी पोचली तशी माणसं त्याच्याकडे शेवटचं पाहून घेतल्यासारखी पाहायला लागली.

"पंजाबात? अबे, तिथं बसमधून उतरवून गोळ्या घालून राह्यले. तू कायले जातं मराले?"

"मले मारून कोनाचं काय भागते?" गजानन म्हणाला. "खांबावर चढनारा मानूस मी."

तोंडानं असं बोलला, पण बायकोला, सरोजला, त्यानं मायजवळ गावीच ठेवलं.

चंडीगड दिसायला मोठं सुबक. रस्ते दोरी लावून आखलेले, दोन्हीकडे झाडं, आणि चौकाचौकात वाळूची पोती अन् पोत्यांमागं बंदूकवाला शिपाई. अंधार पडायच्या आत बाजार बंद. गजाननानं सेक्टर 30 मध्ये एका घराची बरसाती भाड्यानं घेतली. बरसाती म्हणजे गच्चीवरची एकुलती खोली, उन्हाळ्यात तवा आणि हिवाळ्यात माठ. सवय व्हायला वेळ लागला नाही. बंदुकीच्या नळीसमोर डबा उघडून दाखवायची, आत पिठलंच आहे हे पटवून द्यायची, आणि मग कामाला लागायची सवय माणसाला होते.

केंद्रात मात्र एक गोष्ट फार नाजूक होती, ती भाषा. रेडिओवर कोणत्या भाषेत किती बोलायचं यावरून त्या दिवसांत धमक्यांच्या चिठ्ठ्या येत, फोन येत. निवेदकांनी रेडिओवर स्वतःचं नाव सांगणं केव्हाच सोडलं होतं. टेप लायब्ररीला कुलूप असे आणि एक टेप बाहेर काढायची तर दोन साहेबांच्या सह्या लागत.

त्यातच दिल्लीहून एफएमचा एक छोटा ट्रान्समीटर आला. दुपारी मुख्य प्रसारणाला सुट्टी असे तेव्हा तो चालवून पाहायचा, आवाज किती दूर जातो आणि कसा जातो ते तपासायचं, आणि बरं वाटलं तर पुढं वाहिनी सुरू करायची, असा बेत. चाचणीत वाजवायचा टोन. टोन म्हणजे एकसुरी पीं. पण पीं ऐकून यंत्राची परीक्षा होत नाही. त्याला माणसाचा आवाज लागतो, वरचे सूर लागतात, खालचे लागतात.

गजानन श्रीनिवास साहेबांकडे गेला. श्रीनिवास साहेब केंद्राचे इंजिनियर, कर्नाटकातले, स्वभावानं गरीब आणि निवृत्तीला टेकलेले. दुपारी दहीभात खाल्ल्यावर जगात वाईट काही घडू नये, एवढीच त्यांची देवाकडे मागणी.

"सर, टोन से नहीं होगा. स्पीच की टेप चाहिए."

"और दो साइन कौन लाएगा? तुम लाओगे?" साहेबांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "अरे इंगळे, कुछ भी लगा दो. यहाँ एफएम सुनता कौन है?"

हे खरंच होतं. लोकांच्या घरातल्या रेडिओंवर एफएमची पट्टीच नव्हती.

त्याच आठवड्यात गावाहून कॅसेट आली. माय शिकलेली नाही, आणि सरोजचं पत्र म्हणजे 'इकडे सर्व कुशल' इथं सुरू होऊन तिथंच संपणारं. म्हणून दोघींनी शाळेच्या मास्तरचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि आठवडाभर मनात येईल ते दोन्ही बाजूंना भरून पाठवलं. गजाननच्या बरसातीत टेप नव्हता. ऐकायची तर केंद्रातच. दुपारी त्यानं कॅसेट मशीनमध्ये घातली, टोनची दांडी खाली केली, कॅसेटची वर केली, आणि ट्रान्समीटर चालू करून स्टुलावर बसला.

"गजाननऽ! आयकून राह्यला का रे? हे डबडं चालू हाये का नाई, काय मालूम. अवं सरोज, लाल दिवा लागला का वं?"

"लागला. बोला तुमी."

"तं आयक. चंद्रीचे दिवस भरले, पन ते काई व्याचं नाव घेत नाई. नुसती रेकते अन् माह्याकडं पायते. पवन्याले म्हनलं, तिले उलीसक ढेप जास्त देत जाय, तं तो आयकते का? पवन्या म्हंजे निरा बह्याड." इथं माय खोकली. "तिकडं थंडी लय हाये म्हन्ते. कानाले बांधत जाय. हां, हे आली पाय चंद्री. घे वं, बोल त्याच्यासंग."

आणि चंद्री बोलली. मास्तरच्या टेपरेकॉर्डरचा काटा फुटला असेल इतकी बोलली. मागून सरोज हसली, तिच्या बांगड्या वाजल्या, आणि ती म्हणाली, "सांगा त्यायले, पत्र लिवाले हात मोडले काय म्हना."

गजाननच्या ध्यानात आलं की यंत्राला याहून बरा माल दिल्लीतही मिळणार नाही. चंद्रीचं रेकणं म्हणजे खालचा सूर, सरोजच्या बांगड्या म्हणजे वरचा, आणि मधल्या जागेत माय, खोकल्यासकट. दुसऱ्या बाजूला काय आहे ते त्यानं एकदा यंत्र बंद असताना ऐकून घेतलं. चाचणीला मात्र रोज पहिलीच बाजू लावायची, कारण माल तोच असला तरच यंत्र सुधारलं की बिघडलं ते कळतं.

आता आवाज जातो कुठवर? ते पाहायला सरकारी गाडी हवी. गाडी मागितली तर उत्तर आलं की सध्या परिस्थिती बरी नाही. मग गजानन एका रविवारी बसनं झिरकपूरला गेला. आता तिथं इमारतीला इमारत घासते आणि विमानतळाच्या रस्त्यावर गाड्या गोगलगाईसारख्या सरकतात. तेव्हा झिरकपूर म्हणजे एक चौक, चार ढाबे, ट्रकवाल्यांची गॅरेजं, आणि त्या रांगेत नाजरसिंगचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

नाजरसिंग पन्नाशीचा सरदार, दाढी पांढरी होत आलेली, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. आसपासच्या गावांतली पोरं कॅनडा-इंग्लंडला गेली होती, आणि तिथून म्हाताऱ्या आईबापांना रेडिओ पाठवत. त्या परदेशी रेडिओंवर एफएमची पट्टी असे. ते बिघडले की नाजरसिंगकडे येत.

गजाननानं भीत भीत विचारलं, "सरदारजी, दुपारी एफएमवर काही लागतं का?"

नाजरसिंगनं चष्मा वर केला. "बेबे वाला स्टेशन? आपका है?"

बेबे म्हणजे आई. गजानन आधी दचकला, आणि लगेच त्याला हसूही आलं. एफएमला एक श्रोता होता.

"भाषा कौन सी है जी?"

"मराठी. हमारे तरफ की. वऱ्हाडी."

"मज्झ दिन ऊपर ले गई है ना?" मज्झ म्हणजे म्हैस.

"तुमको कैसे समझा?"

"ओ यार, मेरी बेबे भी ऐसे ही बोलती थी. मज्झ को गाली, नौकर को गाली, फिर खाँसी." नाजरसिंगनं चहा मागवला. "ब्याई कि नहीं?"

"वो दूसरी बाजू में है."

"तो लगाओ!"

"टेस्ट का नियम है, सरदारजी. रोज एकही माल."

"लानत तुम्हारे नियम पे," नाजरसिंग म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा पुढं केला.

त्यानंतर दर रविवारी गजानन झिरकपूरला जायला लागला. नाजरसिंग आठवड्याचा हिशेब तोंडी सांगे. मंगळवारी चूड्या साफ वाजल्या. बुधवारी मज्झ फाटली. शुक्रवारी वारा होता, बेबे दूर गेल्यासारखी वाटली. गजानन येऊन यंत्राचे स्क्रू फिरवी. चाचणी अशी छान चालली होती. दर वेळी निघताना नाजरसिंग विचारी, मज्झ ब्याली का, आणि दर वेळी गजानन नुसता हसे. शेवटी त्यानं कबूल केलं, चाचणी संपेल त्या दिवशी दुसरी बाजू लावीन, फक्त तुमच्यासाठी.

ती दुपार आलीच नाही.

झालं असं की एका ट्रकमालकानं नाजरसिंगकडून आपला कॅनडाचा रेडिओ दुरुस्त करून घरी नेला. दुपारी घरच्यांना सुई फिरवता फिरवता माय सापडली. भाषा कळेना. एक म्हणाला पाकिस्तान, दुसरा म्हणाला कोड. रोज तेच शब्द, तोच खोकला, तेच जनावर. संकेत नाही तर काय? गोष्ट नाक्यावरच्या पोलिसांपर्यंत गेली, रेडिओ कुणी दुरुस्त केला ते निघालं, आणि नाजरसिंगला दुकानातून उचलून चौकीत नेलं. त्या दिवसांत चौकीत गेलेला माणूस केव्हा येईल, कसा येईल, येईल का, हे कुणी कुणाला विचारत नसे.

गजाननला हे कळलं ते फोनमुळं. तो श्रीनिवास साहेबांच्या खोलीत हीटरची वायर जोडत होता. साहेबांनी फोन घेतला आणि खुर्चीतच ताठ झाले.

"यस सर. एफएम टेस्ट है सर. ओन्ली टोन, सर... लेडी? नो सर, कोई लेडी नहीं... भैंस?" साहेबांनी घाम पुसला. "नो सर, हमारे यहाँ कोई भैंस नहीं है."

त्यांनी फोन ठेवला. मग हळूच म्हणाले, "झिरकपूर में कोई मेकॅनिक पकड़ा है. बोलता है वो आवाज शिवालिक का टेस्ट है."

"सर, ते खरं हाये. वो मेरी..."

"मुझे मत बताओ!" साहेब जवळजवळ ओरडले. "मैंने कुछ नहीं सुना. बिना मंजुरी का माल, ऐसे टाइम में... तुम्हारी नौकरी जाएगी, मेरी पेन्शन जाएगी. कॅसेट लेक में फेंक दो. उसको चार दिन में छोड़ देंगे."

छोड़ देंगे म्हणताना साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. सोडतीलच असं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गजानन बाहेर येऊन टॉवरच्या पायथ्याशी बसला. कॅसेट खिशात होती. भीती वाटली नाही असं नाही, चांगलीच वाटली. गावात त्याच्या पगारावर चूल पेटत होती. आणि पोलिसांनी उद्या त्यालाच धरलं तर दर्यापूरहून कोण येणार होतं सोडवायला? पवन्या? पण एक गोष्ट सरळ होती. नाजरसिंग खरं बोलला होता आणि साहेबांच्या एका फोननं तो खोटारडा ठरला होता. अशा वेळी पोलिसांच्या हातात खोटारडा ठरणं म्हणजे काय, हे कळायला आयटीआय लागत नाही.

त्यात आणखी एक काटा रुतला. चौकीच्या कागदावर मायचं नाव काय लिहिलं असेल? अज्ञात बाई, सांकेतिक बोली. गजाननचं डोकं सणकलं. "माह्या मायचं बोलनं म्हंजे कोड?" तो टॉवरलाच म्हणाला. "आमी काय चोराचं बोलतो?"

उठला आणि परत साहेबांच्या खोलीत गेला.

"सर, मैं चौकी जा रहा हूँ. आपका नाम नहीं लूँगा."

गजानन दारापर्यंत गेला तेव्हा मागून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. साहेबांनी आपला घरचा छोटा टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. "वहाँ प्लेअर नहीं होगा," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

चौकीचा ठाणेदार जाडजूड माणूस होता. अंगावर लोई पांघरून उन्हात खाट टाकून बसला होता. गजाननानं ओळखपत्र दाखवलं, कॅसेट दाखवली, आणि सगळं सांगितलं. माय, म्हैस, बांगड्या, वरचे सूर, खालचे सूर. ठाणेदारानं चहा पिता पिता ऐकून घेतलं.

"मतलब सरकार के रेडिओ पे तेरी माँ की भैंस बोलती है."

"जी."

"और तेरा साहब कहता है कोई भैंस नहीं."

"साहब को मालूम नहीं था," गजानन म्हणाला. 'कुछ भी लगा दो' साहेबच म्हणाले होते, पण हे अर्धं खोटं त्यानं घरूनच ठरवून आणल्यासारखं सहज सांगितलं.

नाजरसिंगला बाहेर आणलं. पगडी काढून घेतली होती, केसांवर एक फडकं बांधलेलं. चष्मा नव्हता. तो डोळे बारीक करून पाहत राहिला आणि गजाननला ओळखल्यावर नुसतं "आ गया?" म्हणाला, जसा काही रविवारच होता.

कॅसेट वाजली. ठाणेदारानं ऐकली आणि मान हलवली. "ये मराठी है, मैं कैसे मानूँ? कोई ज़िम्मेदार आदमी है, जो ये भाषा जानता हो?"

गजाननला मेजर अविनाश लिमये आठवले. चंडीमंदिर छावणीत होते, पुण्याचे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भोंगे लावायचं काम गजाननकडे असे, तेवढी ओळख. ठाणेदारानं छावणीत फोन लावला. दुपार कलायच्या आधी जीप आली. मेजर उतरले, खुर्चीवर बसले, आणि टेपला कान लावून पहिली बाजू सगळी ऐकली. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"साहेब, सांगा ना यायले, मराठीच हाये म्हनून," गजानन म्हणाला.

"मराठी आहे," मेजर म्हणाले.

"सब समझ आया?" ठाणेदारानं विचारलं.

मेजरनी टेप बंद केली. "नहीं. आधा."

गजाननला वाटलं, खाटेसकट जमीन खाली चालली.

"साइन कर देंगे कि इसमें कोई गड़बड़ नहीं?"

"जे मला कळलं नाही त्याखाली मी सही कशी करू, इंगळे?" मेजर मराठीतून म्हणाले. "उलीसक म्हणजे काय? ढेप कसली? हा पवन्या कोण? सांगशील ते मी लिहीन, पण मग ते तुझं सांगणं झालं, माझं नाही."

"गनपतीत माह्या हातचं वांग्याचं भरीत खाल्लं तवा समजलं ना?"

"भरताला सही लागत नव्हती."

माणूस खोटा नव्हता, हीच अडचण होती. तेव्हा भिंतीला टेकलेला नाजरसिंग म्हणाला, "साहब जी, मैं बताऊँ?"

"तू? तुझे आती है ये भाषा?"

"आती नहीं जी. सुनी है. फिर से लगाओ."

कॅसेट मागं नेऊन पुन्हा सुरू केली. नाजरसिंग डोळे मिटून पंजाबीत सांगायला लागला. आता बेबे विचारते, यंत्र चालू आहे का. आता सून सांगते, आहे. आता म्हशीचे दिवस वर गेले त्याचं दुःख. आता चाऱ्यापाण्याच्या माणसाला शिव्या. "अब खाँसेगी," तो म्हणाला, आणि माय खोकली. "अब बेटे को ठंड की बात." मायनं कानाला बांधायला सांगितलं. एक शिपाई हसला आणि ठाणेदारानं पाहिल्यावर थांबला.

मेजर पुढं सरकले होते. "बरोबर," ते मधे मधे म्हणत होते. "हां, उलीसक म्हणजे थोडीशी, ढेप म्हणजे पेंड. बरोबर. आता लागलं." अर्धं त्यांना आधीच आलेलं होतं, उरलेलं आता जागेवर बसत होतं.

पण ठाणेदाराच्या कपाळावर आठी आली. "तुझे तो सारा याद है, ओए. शब्द शब्द. क्यों?"

सरदार मदत करायला गेला आणि आणखी खोल गेला, असं गजाननला वाटलं.

नाजरसिंगनं डोळे उघडले. "जी, रोज़ सुनता हूँ. रोज़ यहीं आके बंद हो जाती है. मुझे तो इतना ही जानना था कि मज्झ ब्याई कि नहीं."

ठाणेदारानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"ब्याई?" त्यानं गजाननला विचारलं.

"दूसरी बाजू में है."

"तफ़तीश का मामला है. दोनों तरफ़ सुननी पड़ेगी," ठाणेदार म्हणाला आणि खाट टेपजवळ ओढून घेतली. "लगा."

दुसरी बाजू लागली. पण माय म्हणजे माय. आधी तिनं शेजारच्या कुंपणाची तक्रार केली. मग नळाला पाणी येत नाही ते सांगितलं. मग मास्तरनं टेपरेकॉर्डर आजच्या आज परत मागितलाय, त्याचा जीव केवढासा, हे सांगितलं. दोन शिपाई बंदुका भिंतीला लावून जवळ आले होते.

"ओ माई, मज्झ दी गल्ल कर!" ठाणेदार टेपवर ओरडला.

जसं काही ऐकलंच, तशी माय म्हणाली, "हां, तं चंद्री. व्याली बाप्पा एकदाची. लय तरास झाला तिले. समदे म्हनत होते वगार होईन, वगार होईन." माय थांबली. कॅसेट खरखरली. "झाला हल्या. आता त्याले घेऊन म्या काय करू, तूच सांग."

मेजरनी तोंड उघडायच्या आधी, त्या 'तूच सांग'च्या सुरावरूनच नाजरसिंगनं कपाळाला हात लावला. "कट्टा हुआ!"

"नर," मेजरनी पुष्टी दिली.

"ओहोऽऽ," अख्खी चौकी म्हणाली.

ठाणेदार बराच वेळ मान हलवत बसला. त्याच्या घरीही दोनदा कट्टाच झाला होता, हे त्यानं सगळ्यांना सांगितलं, मेजरना तर दोनदा. दुधाच्या आशेनं वर्षभर खुराक घालायचा आणि शेवटी हे. मग लोई झटकून उठला आणि मुन्शीला म्हणाला, "लिख. कोई कोड नहीं है. कोड होता तो कट्टी होती. झूठ बोलने वाला आदमी अपने घर कट्टा क्यों पैदा करेगा?"

मेजरनी खाली सही केली. जीपमध्ये बसताना गजाननला म्हणाले, "इंगळे, पुढच्या गणपतीत तुमच्या मातोश्रींना आणा. उरलेलं त्यांच्याकडूनच शिकून घेईन."

"माय पोळ्याशिवाय गाव सोडत नाई, साहेब," गजानन म्हणाला. "अन् पोळ्यानंतर तं मुळीच नाई."

उजेड असतानाच नाजरसिंग बाहेर आला. दोन्ही पायांनी नीट चालत आला, आणि त्या दिवसांत ही गोष्ट लहान नव्हती. चष्म्याची एक काच गेली होती. दोघं चौकापर्यंत चालत आले. दुकानाचं कुलूप उघडून नाजरसिंगनं आधी पगडी बांधली, मग आरशात पाहिलं, मग म्हणाला, "यार, पहले बता देता कट्टा हुआ है, तो मैं रोज़ इतने ध्यान से न सुनता."

कॅसेट जप्त मालात राहिली. ती मागायला गजानन गेला नाही. परवानगीविना माल प्रसारित केल्याबद्दल त्याला मेमो आला, खाली श्रीनिवास साहेबांचीच सही. मेमो देताना साहेब म्हणाले, "टेपरेकॉर्डर वापस लाए ना?" आणला होता. एफएमची चाचणी बंद झाली, ट्रान्समीटर पुन्हा खोक्यात गेला, आणि गजाननला मुख्य यंत्राच्या पहाटेच्या पाळीवर टाकलं. नोकरी मात्र गेली नाही. पहाटेच्या पाळीला दुसरं कुणी तयार नव्हतं.

पुढं कैक वर्षांनी खोकं उघडलं, सनई वाजली, मंत्री बोलले. तोवर सरोज चंडीगडला आली होती, पोट्टी हिंदीतून भांडायला लागली होती, आणि पोत्यांमागचे शिपाई एकेका चौकातून कमी होत गेले होते.

पण त्याआधी, त्या चौकीच्या प्रकरणानंतर लगेचच, एका रविवारी गजाननानं नाजरसिंगच्या दुकानात मायला उत्तराची कॅसेट भरली. आपलं बोलून झाल्यावर माइक नाजरसिंगपुढं धरला. नाजरसिंगनं घसा खाकरला आणि पंजाबीतून चांगलं लांबलचक सांगितलं. गाभण मज्झला सरसोंचं तेल कसं द्यायचं, गूळ किती, मेथी कधी, आणि कट्टी पाहिजे असेल तर त्याच्या बेबेचा एक उपाय.

मायचं उत्तर आलं. त्या सरदाराचं समदं समजलं म्हणाली, फक्त मेथी उन्हाळी का हिवाळी तेवढं विचारजो. बाकी तो मानूस पवन्यापेक्षा हुशार दिसते.

तिनं सगळं तंतोतंत केलं. तेल दिलं, गूळ दिला, मेथी दिली, उपायही केला.

चंद्रीला पुढच्या वेतालाही हल्याच झाला.